ज्यू समाजकेंद्रात परदेशी स्टार्टअपचं इनक्युबेटर: आधी कागद, मग टेबलं

सकाळी साडेनऊला अमेरिकेतल्या एखाद्या ज्यू समाजकेंद्रात जाऊन पाहा. पाळणाघरातली मुलं वर्गात गेलेली असतात, पहाटेचे व्यायामवाले घरी परतलेले असतात, ज्येष्ठांचं जेवण अजून दोन तासांवर असतं. दुपारी चारनंतर ज्या खोल्यांसाठी चढाओढ लागते, त्या या वेळी बंद पडून असतात. वीज चालू, वायफाय चालू, दाराशी सुरक्षारक्षक हजर, आणि आत कुणी नाही. परदेशी स्टार्टअपसाठी इनक्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि सुरुवातीचा आधार देणारी सोय, काढायची कल्पना बहुतेक केंद्रांत इथूनच सुरू होते. कल्पना चांगलीच आहे. पण ती टेबलं मांडून सुरू केली की सहा महिन्यांत अडकते. म्हणून हा लेख कागदांपासून सुरू होतो.

हे केंद्र, म्हणजे जेसीसी, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) नसतं. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, बालवाडी, उन्हाळी शिबिर, नाट्यगृह, ज्येष्ठांचे कार्यक्रम असं सगळं एका छताखाली असतं, आणि सदस्य कुठल्याही धर्माचे असतात. या संस्थांची मुळं १८५४ साली बाल्टिमोरमध्ये निघालेल्या 'यंग मेन्स हिब्रू असोसिएशन'पर्यंत जातात. पुढे पूर्व युरोपातून लाखो ज्यू निर्वासित आले, तेव्हा न्यू यॉर्कमध्ये १८८९ साली एज्युकेशनल अलायन्स उभी राहिली आणि तिथे त्यांना इंग्रजी शिकवलं जाऊ लागलं. १८९२ साली हिब्रू फ्री लोन सोसायटी निघाली आणि हातगाडी किंवा शिलाई मशीन घेण्यासाठी बिनव्याजी कर्ज देऊ लागली. नव्याने आलेल्या माणसाला पायावर उभं करणं हे या समाजाचं जुनं काम आहे. इनक्युबेटर हा त्याच कामाचा पुढचा टप्पा मानला, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. गुंतवणूक फंड व्हायला गेलात, तर प्रत्येक पायरीवर कायदा आडवा येतो.

इनक्युबेटर हा शब्दसुद्धा अशाच एका रिकाम्या इमारतीतून आला. १९५९ साली न्यू यॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावात जोसेफ मॅनकुसो यांनी बंद पडलेल्या कारखान्याची जागा छोट्या उद्योगांना तुकड्यातुकड्यांनी भाड्याने दिली. भाडेकरूंत अंड्यांतून पिल्लं उबवणारी एक कोंबड्यांची कंपनी होती, त्यावरून हे 'उबवणी यंत्रा'चं नाव पडलं.

पहिली पायरी: चार कागद

कार्यकारी मंडळासमोर प्रस्ताव नेण्याआधी चार गोष्टी लेखी हाती हव्यात. ना-नफा संस्थांचं काम रोज करणारा करवकील गाठा. मंडळावरचा ओळखीचा वकील कितीही हुशार असला, तरी हा विषय वेगळा आहे.

पहिला कागद बाँडचा. नव्या इमारती बांधताना अनेक केंद्रांनी करमुक्त बाँड, म्हणजे ज्यांच्या व्याजावर बाँडधारकाला कर लागत नाही असे कर्जरोखे, काढलेले असतात. ५०१(सी)(३) संस्थांच्या, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थांच्या, अशा बाँडमध्ये खासगी व्यवसायासाठीचा वापर ५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि बाँड काढण्याचा खर्च बाँडच्या पैशातून केला असेल तर तोही त्या ५ टक्क्यांत धरला जातो. तो खर्च २ टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे हातात उरतात जेमतेम ३. इमारतीत आधीच एखादा खासगी कॅफे किंवा फिजिओथेरपीवाला भाडेकरू असेल, तर हा वाटा कदाचित संपलेलाही असेल. ही मर्यादा ओलांडली तर बाँडचं करमुक्तपणच धोक्यात येतं. बाँडधारकांपर्यंत जाणारी ही गोष्ट आहे, केवळ दंड भरून मिटणारी नाही. त्यामुळे हा कागद सगळ्यात आधी काढा.

दुसरा कागद आयकराचा. भाड्याचं उत्पन्न ना-नफा संस्थेला साधारणपणे करमुक्त असतं, पण तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, भाड्यात फर्निचर आणि यंत्रांचा वाटा. तो १० टक्क्यांपर्यंत असेल तर हरकत नाही. १० ते ५० टक्के असेल तर तेवढा वाटा करपात्र. ५० टक्क्यांच्या वर गेला की सगळं भाडं करपात्र. दोन, सेवा. उजेड, उष्णता, सामाईक जागेची झाडलोट, कचरा उचलणं या नेहमीच्या गोष्टी चालतात. टपाल सांभाळणं, स्वागतिका, सल्लागार हे सगळं भाड्यात गुंडाळलं, तर ते भाडं राहत नाही. तीन, कर्ज. इमारतीवर कर्ज असेल तर भाड्याचं उत्पन्न कर्जाच्या प्रमाणात करपात्र होऊ शकतं, पण मालमत्तेचा किमान ८५ टक्के वापर संस्थेच्या मूळ कामासाठी असेल तर ही अट लागत नाही. असं करपात्र उत्पन्न वर्षाला एकूण १,००० डॉलर झालं की फॉर्म ९९०-टी भरावा लागतो, आणि कराचा दर २१ टक्के आहे.

यातून व्यवहारात एकच वाट निघते: दोन वेगळे करार. एक फक्त खोलीचा, दुसरा कार्यक्रमाच्या शुल्काचा. मुंबई-पुण्यात 'लीव्ह अँड लायसन्स' पाहिलेल्या वाचकाला हे चटकन कळेल. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरभाडं वेगळं लिहिण्यासारखंच ते आहे. भाडं कंपनीच्या नफ्याच्या टक्केवारीत कधीही लावू नका. तसं केलं की करमुक्ती जाते.

तिसरा कागद मालमत्ता कराचा. हा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात 'वेल्फेअर एक्झेम्प्शन' त्या जागेच्या धर्मादाय वापरासाठी मिळते, त्यामुळे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला दिलेल्या भागापुरती सूट जाऊ शकते. किती चौरस फूट, कुठला मजला, हे नकाशावर रंगवून ठेवा, म्हणजे सूट तेवढ्याच भागाची जाते.

चौथा झोनिंगचा, म्हणजे कुठल्या भागात काय चालवता येतं या शहराच्या नियमांचा. निवासी भागातली बहुतेक केंद्रं शहराच्या सशर्त वापर परवान्यावर उभी असतात. त्या परवान्यात 'सामुदायिक वापर' असं लिहिलेलं असेल, तर खासगी कंपन्यांची कार्यालयं त्यात बसतातच असं नाही. पार्किंगची संख्याही तिथेच लिहिलेली असते. शेजाऱ्यांची पहिली तक्रार नेहमी पार्किंगची असते, आणि ती शहराकडे गेली की अधिकारी आधी हाच परवाना उघडतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. "उद्योगवाढ हेच आमचं धर्मादाय काम" असं म्हणून चालत नाही. उद्योगांना मदत करणं धर्मादाय ठरतं ते प्रामुख्याने मागास, गरीब किंवा भेदभावाने ग्रासलेल्या भागात. आयकर खात्याचा १९७४ चा ७४-५८७ क्रमांकाचा निर्णय त्याच अंगाने जातो. सधन उपनगरात परदेशी सॉफ्टवेअर कंपनीला जागा देणं त्यात बसवणं कठीण आहे. कार्यशाळा सगळ्यांसाठी खुल्या ठेवा आणि त्यांना शिक्षणाचं काम म्हणा. खोल्यांना भाडंच म्हणा. काम मोठं होणार असेल तर करपात्र उपकंपनी काढा.

जागा

समजा २,४०० चौरस फुटांची एक बाजू मिळाली. इमारत संहितेत कार्यालयासाठी दर माणशी १५० चौरस फूट हा हिशेबाचा आकडा आहे, म्हणजे १६ माणसं. आठ कंपन्या, प्रत्येकी दोन माणसं. दाटीने बसवायचं ठरवलं तर आकडा वाढवता येतो, पण ४९ च्या पुढे दुसरी बाहेर पडायची वाट लागते, आणि स्वच्छतागृहांचाही हिशेब बदलतो. ही जागा आधी वर्गखोली असेल तर वापराचा प्रकार बदलतो, म्हणजे पुन्हा परवाना. तेव्हा १६ वर समाधान माना. छोट्या केंद्राला आठ कंपन्या पुरेशा होतात.

त्या १६ जागांत किमान चार खोल्या बंद दाराच्या आणि क्रमांक असलेल्या हव्यात. कारण व्हिसाच्या भागात येईल. दोन छोट्या फोन-खोल्या हव्यातच, कारण परदेशी कंपनीचा अर्धा दिवस कॉलवर जातो. वायफाय पूर्ण वेगळं ठेवा: बालवाडीचे कॅमेरे, सदस्यांची माहिती आणि कार्ड पेमेंट ज्या जाळ्यावर आहेत, तिथे भाडेकरूचं एकही यंत्र दिसता कामा नये. रसायनं, ओल्या प्रयोगशाळा, मोठ्या लिथियम बॅटऱ्यांची चाचणी यांना पहिल्याच दिवशी नाही म्हणा. वरच्या मजल्यावर तीन वर्षांची मुलं झोपलेली असतात.

दारावर कार्ड रीडर बसवताना एक बारीक गोष्ट. ज्यू केंद्रात बहुतेक दारांच्या चौकटीवर मेझुझा असते: चर्मपत्राची गुंडाळी असलेली छोटी डबी. आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या तृतीयांशात. इलेक्ट्रिशियनला रीडरची वायर नेमकी त्याच पट्टीतून न्यायची असते, आणि तो डबी काढून खिडकीत ठेवून देतो. कामाच्या आदेशातच लिहा: मेझुझा हलवायची नाही, त्यावर रंग लावायचा नाही, अडचण आली तर केंद्राच्या माणसाला बोलवायचं.

सुरक्षा आणि बालवाडी

याच भागाला मंडळ सगळ्यात जास्त वेळ देतं, आणि ते योग्यच आहे. १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॉर्थ व्हॅली केंद्रात आणि २०१४ मध्ये कॅन्सस सिटीजवळच्या ओव्हरलँड पार्कच्या केंद्राबाहेर गोळीबार झाला. २०१७ च्या सुरुवातीला देशभरच्या केंद्रांना बाँबच्या धमक्यांचे फोन येत राहिले आणि इमारती पुन्हा पुन्हा रिकाम्या कराव्या लागल्या. तेव्हा "आमच्याकडे गुंतवणूकदार येतोय, त्याला अडवू नका" ही विनंती इथे चालत नाही.

भाडेकरूंसाठी वेगळं दार सगळ्यात उत्तम. ते शक्य नसेल, तर कार्डला वेळ आणि मजला दोन्ही बांधा. सकाळी पावणेनऊ ते सव्वानऊ आणि दुपारी मुलं घरी जायच्या वेळी कंपन्यांचे पाहुणे बालवाडीच्या रांगेतून जाता कामा नयेत. भेटी साडेनऊनंतरच ठेवायच्या, हे करारातच लिहा. पाहुण्याचं नाव २४ तास आधी नोंदवलेलं हवं, आणि ओळखपत्र दाराशी दाखवायचं. इमारतीत रोज वावरणाऱ्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासायला हवी का, हे राज्याच्या बालवाडी परवान्यावरून ठरतं. परवाना देणाऱ्या खात्याला आधीच लेखी विचारा. भाडेकरू आल्यावर हा प्रश्न निघाला, तर बालवाडीचा परवाना पणाला लागतो.

हार्डवेअरवाल्यांची पार्सलं हा रोजचा घोळ. परदेशातून आलेला, वायरी दिसणारा, पाठवणाऱ्याचं नाव न वाचता येणारा खोका सुरक्षारक्षकाच्या टेबलावर आला की तो त्याचं काम करणारच. म्हणून साधी सोय करा: अपेक्षित पार्सलांची यादी आदल्या दिवशी काउंटरवर, यादीत नसलेलं पार्सल परत. संकेतस्थळावर कंपन्यांची नावं, खोली क्रमांक आणि माणसांचे फोटो एकत्र टाकू नका. इस्रायली कंपन्यांची तर नावंही त्यांची लेखी संमती घेऊनच टाका.

सुरक्षेच्या उपकरणांसाठी अमेरिकी सरकारच्या फेमा या आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडून ना-नफा संस्थांना सुरक्षा अनुदान मिळतं. तुमच्या केंद्राला ते मिळालं असेल, तर त्या पैशातून घेतलेली उपकरणं भाडेकरूंच्या भागात नेण्याआधी अनुदानाच्या अटी वाचा.

शनिवार, सण आणि स्वयंपाकघर

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळींना गावातले लोक 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी ते घाणा चालवत नसत. मराठी वाचकाला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, समजायला एवढा शब्द पुरे आहे. फक्त एक लक्षात ठेवा: शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो. डिसेंबरात न्यू यॉर्कला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे शुक्रवारी दुपारी दोन-तीनलाच इमारत आवरायला लागते. काही केंद्रं शनिवारी पूर्ण बंद असतात, काही तलाव आणि व्यायामशाळा उघडी ठेवतात. भाडेकरूला शनिवारी आत येता येईल का, याचं उत्तर हो किंवा नाही असं एका वाक्यात करारात हवं. "बघू, कुणी असेल तर" या उत्तरातून भांडणं निघतात.

सणांचं गणित आपल्या पंचांगासारखं आहे. चांद्र महिने, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत सात वेळा अधिक महिना. त्यामुळे इंग्रजी तारखा दर वर्षी सरकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोत आणि सिमखात तोरा हे एकामागून एक येतात, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत सलग काम होत नाही. कंपन्यांची नवी तुकडी त्या काळात कधीही सुरू करू नका. सुक्कोत संपल्यावर किंवा जानेवारीच्या मध्याला करा.

याच वेळापत्रकाचा मोठा फायदाही आहे. इस्रायलमध्ये रविवार हा कामाचा दिवस, आणि अमेरिकेतली साधी कार्यालयं रविवारी बंद. समाजकेंद्र मात्र रविवारी गजबजलेलं असतं. व्यायामशाळेमुळे पहाटे साडेपाचलाच दार उघडणारी केंद्रंही खूप आहेत. कॅलिफोर्नियात सकाळी सहा वाजता इस्रायलमध्ये संध्याकाळचे चार, आणि पुण्यात उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. घरच्या टीमशी बोलायची हीच वेळ. कंपन्यांना खोलीचं भाडं सांगण्याआधी हे वेळापत्रक सांगा.

स्वयंपाकघराबाबत ढिलाई नको. केंद्राचं मुख्य स्वयंपाकघर कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांनुसार चालणारं, असेल, तर बाहेरचा एक चमचाही आत गेला तरी पर्यवेक्षकाला सगळं पुन्हा तपासावं लागतं. इनक्युबेटरला वेगळी छोटी पँट्री द्या, तिच्यात मांस नको, आणि भांडी मुख्य स्वयंपाकघराशी अदलाबदल होऊ नयेत म्हणून वेगळ्या रंगाची घ्या. आपल्याकडून गेलेल्या उद्योजकांनी एक समजून घ्यावं: शाकाहारी म्हणजे आपोआप कोशेर असं नाही. चीजमधलं रेनेट, वाइन आणि द्राक्षाचे पदार्थ, पालेभाजीतली कीड यांचे स्वतंत्र नियम आहेत. घरचा डबा आपल्या टेबलावर आपल्या भांड्यात खायची मुभा बहुतेक ठिकाणी असते, पण ती गृहीत धरू नये, विचारून घ्यावी. पेसाख या सणात आंबवलेलं धान्य वर्ज्य असतं, त्यामुळे त्याचे आठ दिवस पँट्री रिकामी आणि बंद. पाव, बिस्किटं, नूडल्स, बिअर तर नाहीच, आणि अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, परंपरेच्या केंद्रात तांदूळ आणि डाळीही नाहीत. त्या आठवड्यात डाळ-भाताचा डबा आणायचा तर आधी विचारा.

कुणाला घ्यायचं

घरच्या देशात विकलं जाणारं उत्पादन, अमेरिकेत उतरणारी दोन माणसं, बारा महिने पुरेल एवढा पैसा, आणि याच शहरात यायचं कारण. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ह्यूस्टनच्या केंद्राने ऊर्जा आणि वैद्यकीय क्षेत्रातल्या, पिट्सबर्गच्या केंद्राने रोबोटिक्सच्या, पालो अल्टोच्या केंद्राने सॉफ्टवेअरच्या कंपन्या घ्याव्यात, कारण ग्राहक तिथे आहे. पालो अल्टोचं ओशमन केंद्र २००९ साली उघडलं, ते तर सन मायक्रोसिस्टम्सच्या जुन्या जागेवर. "अमेरिकेत यायचंय" एवढंच कारण देणाऱ्या कंपनीला नम्रपणे नाही म्हणा.

निकष लेखी ठेवा आणि त्यात धर्म किंवा वंश येऊ देऊ नका. इस्रायली कंपन्या ओळखीमुळे जास्त येतील हे उघड आहे, पण दार सगळ्यांना सारखं उघडं हवं. मालकांची नावं अमेरिकेच्या निर्बंध यादीशी ताडून पाहा आणि तपासल्याची तारीख फाइलमध्ये लिहा.

इस्रायलच्या इनोव्हेशन अथॉरिटीचं, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेचं, अनुदान घेतलेल्या कंपनीला पहिल्या बैठकीतच विचारा: तंत्रज्ञानाची मालकी बाहेर नेणार आहात का? अनुदानातून तयार झालेलं ज्ञान परदेशी न्यायला परवानगी लागते आणि पैसेही भरावे लागतात. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात कंपनी काढून मालकी तिकडे वळवल्यानंतर हे लक्षात आलं, तर गुंतवणूकदार मागे हटतो. संयुक्त संशोधनासाठी मात्र १९७७ साली सुरू झालेलं बर्ड फाउंडेशन आहे. एक अमेरिकी आणि एक इस्रायली कंपनी मिळून अर्ज करतात, खर्चाच्या निम्म्यापर्यंत पैसे मिळतात, आणि विक्री झाली तरच परतफेड करायची असते. तुमच्या सदस्यांतल्या एखाद्या कारखानदाराला असा जोडीदार मिळवून देणं हे केंद्राच्या हातून होण्यासारखं खरं काम आहे.

व्हिसा

केंद्र व्हिसा देत नाही आणि व्हिसाचा सल्लाही देऊ नये. पण इथल्या चुका केंद्राच्या दारातच घडतात, म्हणून त्या माहीत हव्यात.

सगळ्यात मोठा गैरसमज: केंद्र ना-नफा आहे, तर एच-१बीच्या कोट्यातून सूट मिळेल. मिळत नाही. ती सूट विद्यापीठांना, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना आणि संशोधन संस्थांना आहे. समाजकेंद्र त्यात बसत नाही. शेजारच्या विद्यापीठाचा उद्योजकांसाठी निवासी कार्यक्रम असेल, तर उद्योजकाला तिकडे पाठवा.

बी-१ या अल्पकाळाच्या व्यवसाय-भेटीच्या व्हिसावर बैठका, वाटाघाटी, करारावर सह्या, कंपनीची नोंदणी हे चालतं. रोजचं काम करणं आणि अमेरिकेतून पगार घेणं चालत नाही. इनक्युबेटरमध्ये टेबल घेऊन रोज नऊ ते पाच कोड लिहिणारा माणूस बी-१ वर असेल, तर तो स्वतःला आणि केंद्राला अडचणीत आणतो. इस्रायली नागरिकांना २०२३ च्या ऑक्टोबरपासून ईस्टा या ऑनलाइन पूर्वपरवानगीवर व्हिसाशिवाय ९० दिवस येता येतं. सोय मोठी आहे, पण ते दिवस वाढवता येत नाहीत आणि इथे राहून दुसऱ्या व्हिसात बदलताही येत नाहीत. पुढे मुक्काम करायचा विचार असेल, तर आधीच वकिलाला भेटून यावं.

ई-२ गुंतवणूकदार व्हिसा अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो; इस्रायलींना तो २०१९ च्या मे महिन्यापासून मिळतो. भारताशी असा करारच नाही, त्यामुळे पुण्याच्या उद्योजकाला ही वाट बंद. ज्यांना मिळतो त्यांनीही मालकीवर लक्ष ठेवावं: किमान निम्मी मालकी करार-देशाच्या नागरिकांची हवी, आणि गुंतवणुकीच्या फेऱ्यांत ती नकळत ५० टक्क्यांखाली घसरते.

भारतीय कंपनीला बहुधा एल-१, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा, सोयीचा. मूळ कंपनीत गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष काम केलेला माणूस, आणि दोन्ही कंपन्यांत मालकीचं नातं. इथे दोन चुका वारंवार होतात. भाऊ किंवा मित्राच्या नावाने अमेरिकेत वेगळीच कंपनी काढतात आणि नातं तुटतं. दुसरी चूक जागेची. नव्या कार्यालयासाठी पहिली मंजुरी एकाच वर्षाची असते आणि पुरेशी जागा घेतल्याचा पुरावा लागतो. सामाईक हॉलमधल्या टेबलाची पावती दाखवली की अधिकारी आणखी पुरावा मागतात. म्हणूनच वर क्रमांक असलेल्या बंद खोल्या सांगितल्या: खोली क्रमांक, चौरस फूट, बारा महिन्यांची मुदत, मजल्याचा नकाशा आणि दारावर कंपनीची पाटी असलेले फोटो. एवढं केंद्र देऊ शकतं, आणि त्याचा उपयोग भाषणांपेक्षा जास्त होतो.

पहिले ९० दिवस

पहिल्या दोन आठवड्यांत घर, शाळा, गाडी, फोन. इतर इनक्युबेटर हे करत नाहीत आणि समाजकेंद्र अतिशय चांगलं करू शकतं. बालवाडीत दोन-तीन जागा या कुटुंबांसाठी राखून ठेवा, उन्हाळी शिबिराची नोंदणी सुरू होण्याआधी त्यांना कळवा, आणि जोडीदारासाठी इंग्रजीचा वर्ग किंवा सोबत फिरणारं एखादं सदस्य कुटुंब ठरवा. नव्या शहरात कंपनी बंद करून परत जाण्याची वेळ आली, तर कारण बरेचदा घरात असतं. जोडीदाराला दिवसभर बोलायला कुणी नसतं, मूल शाळेत रुळत नाही. या दोन गोष्टी सांभाळल्या तर कंपनी टिकायची शक्यता वाढते.

नंतर कागद. कंपनीचा करक्रमांक, म्हणजे ईआयएन, सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या परदेशी संस्थापकाला ऑनलाइन मिळत नाही. फॉर्म एसएस-४ भरून फॅक्स किंवा टपालाने अर्ज करावा लागतो. बँका नोंदणी-एजंटचा पत्ता मानत नाहीत, खरा पत्ता आणि बरेचदा माणूस समोर हवा असतो. जवळच्या बँक शाखेतल्या अधिकाऱ्याला महिन्यातून एकदा केंद्रात बसवलंत, तर अर्धं काम होतं.

मार्च महिना जवळ आला की डेलावेअरमध्ये नोंदलेल्या कंपन्यांसमोर त्या राज्याचं फ्रँचाइज करबिल, म्हणजे तिथे नोंदणी ठेवण्याचा वार्षिक कर, येतं. एक कोटी समभाग अधिकृत केलेल्या कंपनीला एका पद्धतीने ते ८५,१६५ डॉलर दिसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा चेहरा पांढरा पडतो. दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे गृहीत मूल्याने हिशेब केला, तर छोट्या कंपनीला बहुधा किमान ४०० डॉलरच येतात. मुदत १ मार्च. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या कंपन्यांना एकत्र बसवून हा हिशेब करून दाखवा. त्याच बैठकीत फॉर्म ५४७२ सांगा: एखाद्या परदेशी मालकाचा वाटा २५ टक्के किंवा त्याहून जास्त आणि मूळ कंपनीशी व्यवहार असेल तर तो भरायचा, नाही तर दंड २५,००० डॉलर.

विमा: दर घटनेला १० लाख आणि एकूण २० लाख डॉलरची सर्वसाधारण जबाबदारी पॉलिसी, त्यात केंद्राचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून. पॉलिसी हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका.

मार्गदर्शक आणि पैसा

समाजकेंद्राची खरी श्रीमंती म्हणजे सदस्य. डॉक्टर, वकील, हॉस्पिटलचे खरेदी अधिकारी, निवृत्त कारखानदार. तलावातून बाहेर आलेला माणूस दहा मिनिटांत ग्राहकाचा फोन नंबर देऊ शकतो. हीच गोष्ट धोक्याचीही आहे. प्रत्येक कंपनीला दोनच मार्गदर्शक द्या. पहिले ९० दिवस मार्गदर्शकाने समभाग किंवा गुंतवणुकीचा विषय काढायचा नाही, असा लेखी नियम करा. मंडळाचा सदस्य भाडेकरू कंपनीत पैसे घालणार असेल, तर आधी लेखी जाहीर करणं आणि त्या कंपनीबद्दलच्या मतदानातून बाहेर राहणं हवंच. त्याला किंवा त्याच्या नातलगाला बाजारभावापेक्षा स्वस्त खोली मिळाली, तर जास्तीच्या फायद्यावर त्याला २५ टक्के कर लागतो, आणि तो फायदा परत केला नाही तर २०० टक्के.

केंद्राने समभाग घेऊ नयेत आणि गुंतवणूकदाराची ओळख करून दिल्याबद्दल टक्केवारी तर कधीच घेऊ नये; नोंदणी नसलेल्या दलालीचं ते प्रकरण होतं. डेमो डे, म्हणजे कंपन्यांचं गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण, करायचा तर एसईसी या अमेरिकी रोखे-बाजार नियामकाचा नियम १४८ वाचा. ना-नफा संस्थेला असा कार्यक्रम भरवता येतो, पण जाहिरातीत 'समभाग विक्री' येता कामा नये, गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा नाही, आणि प्रवेशशुल्क व्यवस्थेच्या वाजवी खर्चापुरतंच. कंपनीने व्यासपीठावर आपण भांडवल उभारतो आहोत हे, कशाच्या रूपात, किती, कशासाठी आणि किती बाकी आहे एवढंच सांगायचं. एखाद्या उत्साही सदस्याने निमंत्रणात "सोन्याची संधी" लिहून सगळ्या यादीला मेल केला, की ही सवलत गेली.

पैशाचा साधा हिशेब: १६ जागा, समजा महिन्याला ४०० डॉलर, म्हणजे वर्षाला ७६,८०० डॉलर, तेही सगळ्या जागा भरल्या तर. त्यात एक पूर्णवेळ व्यवस्थापकाचा पगार आणि भत्तेही निघत नाहीत. व्यवस्थापक मात्र हवाच. हे काम सदस्यत्व विभागाच्या माणसाला जोडकाम म्हणून दिलं, तर तिसऱ्या महिन्यात कंपन्यांच्या मेलला उत्तरं येणं थांबतं. उरलेली रक्कम स्थानिक ज्यू फेडरेशन (समाजासाठी निधी जमवणारी संस्था), एखादी कायदा कंपनी, बँक किंवा शहराचा उद्योग विभाग यांच्याकडून दोन वर्षांसाठी लेखी घेऊनच सुरुवात करा.

अमेरिकेत स्वतःची वास्तू असलेल्या महाराष्ट्र मंडळांनाही हाच कायदा लागू आहे. त्यांच्याही इमारती आठवड्यात पाच दिवस रिकाम्या असतात, आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या कंपन्या घर, शाळा आणि ओळखी शोधत असतात.

निरोप

मुक्काम बारा महिन्यांचा, फार तर सहा महिने वाढीव. करारात निघण्याची तारीख आणि पत्ता हलवण्याची अट सुरुवातीलाच घाला: ६० दिवसांत राज्याकडची नोंद, बँक, आयकर खात्याचा फॉर्म ८८२२-बी, गुगलवरची पाटी, सगळीकडे नवा पत्ता. हे राहून गेलं की बंद पडलेल्या कंपन्यांच्या वसुलीच्या नोटिसा वर्षानुवर्षं बालवाडीच्या काउंटरवर येत राहतात. शेवटच्या दिवशी कार्ड परत घ्या, वायफायचं खातं बंद करा, पार्सलांच्या यादीतून नाव काढा आणि खोलीचा नकाशा पुढच्या कंपनीच्या फाइलमध्ये लावा. कुटुंबाचं सदस्यत्व मात्र चालू राहू द्या.